गियरची सायकल घेताना गुडघ्यालाही विचारा

आरोग्याच्या पानावर सायकलीच्या गियरचं काय काम, असं कुणी विचारील. काम आहे. गुडघेदुखी घेऊन आमच्याकडे पूर्वी चाळिशीच्या पुढच्या बायका यायच्या. धुणीभांडी, पाण्याचे हंडे, जिन्याची चढउतार हे त्यांचं कारण. आता सोळा-सतराची मुलंमुलीही येतात आणि गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून सांगतात, "इथं मागच्या बाजूला दुखतं, चढ चढताना जास्त." विचारपूस केली की निघते सायकल. आपल्या वस्त्यांमधून आता मुलं शर्यतीच्या सायकलीकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे सायकलपटू पाहून कुणाला हुरूप येतो, कुणाला खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरीची वाट दिसते. पण ही सायकल स्वस्त नाही. घरातली भिशी फुटते, बचत गटातून उचल होते, तेव्हा कुठे ती दारात येते. एवढा पैसा घालून मुलीच्या गुडघ्याचं दुखणं विकत आणायचं नसेल, तर गियरची निवड समजून केली पाहिजे.

रोड बाइक म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची सायकल. तिचे गियर, ब्रेक आणि ते चालवणाऱ्या मुठी एकाच कंपनीच्या संचातून येतात. त्या संचाला ग्रुपसेट म्हणतात. त्यात पुढची दातेरी चाकं आणि क्रँक, मागच्या चकत्यांची उतरंड म्हणजे कॅसेट, चेन इकडून तिकडे ढकलणारे पुढचे-मागचे डिरेलर, चेन आणि ब्रेक एवढं सगळं आलं. सायकलीच्या किमतीतला मोठा वाटा याच संचाचा असतो. दुकानदार सायकलीची ओळखही त्यावरूनच करून देतो. "ही क्लॅरिसवाली, ती सोरावाली, ती वन-ओ-फाइव्हवाली."

ही नावं शाळेच्या इयत्तांसारखी आहेत. जपानची शिमानो कंपनी १९२१ साली ओसाकाजवळच्या साकाई गावी फ्रीव्हील बनवून सुरू झाली. तिच्या रोड सायकलच्या संचात खालून वर टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस अशी चढती भाजणी आहे. टूर्नीला मागे ७ चकत्या, क्लॅरिसला ८, सोराला ९, टियाग्राला १०. १०५ ला सालाप्रमाणे १०, ११ किंवा १२. शिकागोची स्रॅम कंपनी १९८७ ची. तिचा एपेक्स हा खालचा संच, त्याच्यावर रायव्हल, फोर्स आणि रेड. इटलीची कॅम्पाग्नोलो १९३३ पासून आहे, पण तिचा माल आपल्या बाजारात क्वचित दिसतो आणि सुटे भाग मिळणं त्याहून कठीण. तिचं नाव ऐकून ठेवावं, एवढंच. तैवानची मायक्रोशिफ्ट कंपनी मात्र स्वस्त नव्या सायकलींवर बरीच दिसते आणि ती नाक मुरडण्यासारखी नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. इयत्ता वरची म्हणजे माल हलका, गियर बदलताना बोटाला लागणारा जोर कमी आणि चकत्या जास्त. पण चकत्या जास्त म्हणजे चढ सोपा, असं नाही. चढ सोपा होतो तो दातांच्या संख्येने. हे एक वाक्य लक्षात राहिलं तर दुकानात अर्धी लढाई जिंकलीत.

आमच्या ओळखीच्या एका घरातली मुलगी अकरावीत आहे. शाळेच्या स्पर्धेत साध्या सायकलीवर चांगली आली म्हणून प्रशिक्षकांनी रोड बाइक घ्यायला सांगितलं. आई घरकाम करते, वडील रिक्षा चालवतात. भिशीचे आणि गटाचे मिळून ३२ हजार जमले. दोन जुन्या सायकली समोर आल्या, किंमत जवळजवळ सारखीच. एक १०५ ची, मागे १० चकत्या, काळी चकचकीत. दुसरी क्लॅरिसची, मागे ८, रंग थोडा खरचटलेला. घरच्यांचा जीव पहिलीवर बसला होता. आई आम्हाला म्हणाली, "ताई, पैसे तेच आहेत तर दहावाली सोडून आठवाली कशाला घ्यायची?" तिचा प्रश्न रास्त होता. भाजी घेतानाही आपण तेवढ्याच पैशात जास्त देणाऱ्याकडे जातो.

आम्ही दोन्ही सायकलींचे दात मोजले. काळ्या सायकलीला पुढे ५३ आणि ३९ दातांची दोन चाकं होती, मागची सर्वांत मोठी चकती २५ दातांची. म्हणजे सर्वांत हलका गियर ३९ ला २५. क्लॅरिसवालीला पुढे ५० आणि ३४, मागची मोठी चकती ३२ दातांची. तिचा सर्वांत हलका गियर ३४ ला ३२. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागलं की पायडलच्या एका फेऱ्यात चाक किती वेळा फिरतं ते कळतं. पहिलीत ते दीड वेळाहून थोडं जास्त फिरतं, दुसरीत जेमतेम एकदा. अशा सायकलीच्या चाकाचा एक फेरा साधारण २ मीटर १० सेंटिमीटरचा. म्हणजे हलक्यात हलका गियर लावूनही पायडलच्या एका फेऱ्यात पहिली सायकल सव्वातीन मीटर पुढे जाते, दुसरी सव्वादोन मीटरच्या आत.

कुणाला वाटेल, सव्वातीन मीटर म्हणजे पहिलीच बरी. सपाट रस्त्यावर तसं म्हणता आलं असतं, पण तिथं हलका गियर कुणी वापरतच नाही. गोष्ट घाटाची आहे. खोपोलीहून वर चढताना नवशिकी मुलगी तासाला ८ किलोमीटरने जात असेल असं धरू. क्लॅरिसवालीवर तिचे पाय मिनिटाला ६० फेरे मारतील. काळ्या सायकलीवर त्याच वेगाला फक्त ४१. चढ तोच, अंगाचं वजन तेच, वेग तोच, म्हणजे करायचं काम तेवढंच. ते ६० ऐवजी ४१ फेऱ्यांत करायचं तर प्रत्येक फेऱ्याला पायाचा जोर जवळजवळ दीडपट लागणार. आणि तो जोर पडतो कुठे? गुडघ्याच्या वाटीमागे.

गुडघा वाकलेला असताना मांडीचा पुढचा स्नायू जेव्हा जोर लावतो, तेव्हा वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जिना चढताना गुडघा का बोलतो, त्याचं कारण हेच. पायडल वरच्या टप्प्यावर असताना गुडघा सर्वांत जास्त वाकलेला असतो, तिथूनच ढकलायला सुरुवात होते. हलका जोर आणि जास्त फेरे हे गुडघ्याला मानवतं. जड जोर आणि कमी फेरे हे त्याला सोसत नाही, विशेषतः वाढत्या वयात आणि सरावाच्या पहिल्या वर्षात. सपाटीवर मिनिटाला ८० ते ९० फेरे बसतील असा गियर ठेवावा, असं प्रशिक्षक सांगतात ते उगाच नाही. मोजायला यंत्र नको. एका पायाचे फेरे पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचे.

आपल्या साध्या, बिनगियरच्या काळ्या सायकलीवर दूधवाले, पेपरवाले, गवंडी यांनी आयुष्यं काढली, त्यांचे गुडघे कुठे गेले, असा प्रश्न आमच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी केला. उत्तर सोपं आहे. पुढे ४४ आणि मागे १८ दात असलेल्या त्या सायकलीवर घाट लागला की माणूस खाली उतरून सायकल हाताने ढकलायचा. त्याच्याकडे तेवढी अक्कल होती. शर्यतीत उतरता येत नाही. शिवाय गुडघे गेले त्यांचेही, फक्त कुणी कागदावर लिहून ठेवलं नाही.

काळ्या सायकलीला मागे मोठी कॅसेट लावता आली नसती का? दुकानदारानेही तेच सुचवलं. पण तिचा मागचा डिरेलर आखूड पिंजऱ्याचा होता. त्याला ३२ दातांची चकती झेपत नाही. म्हणजे डिरेलर बदला, कॅसेट बदला, चेन बदला आणि पुढची चाकं ५० आणि ३४ ची हवीत तर क्रँकही बदला. जुन्या सायकलीचा हा खर्च विकणारा सांगत नाही, तो महिन्याभराने कळतो.

पुढे तीन चाकं असलेली जुनी क्लॅरिस किंवा सोराही कधी कधी मिळते. शर्यतवाले तिला म्हाताऱ्यांची सायकल म्हणून हिणवतात. आम्हाला ती आवडते. सर्वांत लहान, ३० दातांचं चाक घाटात कामाला येतं आणि तिला गिऱ्हाईक कमी असल्यामुळे भावही उतरतो.

गुडघ्यानंतर हात. प्रत्येक कंपनीची मूठ वेगळी चालते आणि ते हातात धरून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिमानोच्या क्लॅरिसपासून वरच्या संचांत ब्रेकची दांडीच आत ढकलली की एका दिशेने गियर बदलतो आणि तिच्यामागची छोटी दांडी दुसऱ्या दिशेने बदलते. स्रॅमच्या तारेच्या संचात ब्रेकची दांडी जागची हलत नाही. मागे एकच दांडी असते. थोडी ढकलली तर एक गियर जड, जास्त ढकलली तर हलका. सवय झाली की बरी, पण चढावर दमलेल्या मुलीकडून अर्धवट ढकलली गेली तर हलक्याऐवजी जड गियर पडतो. मायक्रोशिफ्टला मागे दोन वेगळ्या दांड्या असतात, त्यात गोंधळ कमी. रोड सायकलवरच्या स्वस्त टूर्नीला मुठीच्या आतल्या अंगाला अंगठ्याने दाबायचं बटण असतं. हँडल खालून धरलं असेल तर लहान हाताचा अंगठा तिथवर पोचत नाही.

लहान हाताचं हे दुखणं मुलींच्या वाट्याला जास्त येतं, कारण या सायकली मुख्यतः पुरुषांच्या हाताचं माप धरून बनत आल्या. हँडलच्या खालच्या वळणावर हात ठेवून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता येतो का, हे दुकानातच करून पाहा. येत नसेल तर दांडी जवळ आणण्याची सोय आहे का ते विचारा. नव्या क्लॅरिसला त्यासाठी स्क्रू असतो, काही जुन्या संचांना रबराची पाचर लावावी लागते. ब्रेकपर्यंत बोट न पोचणं हा अपघाताचा विषय आहे, सवयीचा नव्हे. आणि तासभर चालवल्यावर करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आहे असं समजा. हात ठेवण्याची जागा बदलत राहा, हँडल थोडं वर घ्या. दुर्लक्ष केलं तर बधिरपणा घरी आल्यावरही टिकतो.

ब्रेकबद्दल थोडक्यात. रिमवर घासणारे ब्रेक स्वस्त, कुणालाही दुरुस्त करता येणारे, पण पावसात उशिरा लागतात. तारेचे डिस्क ब्रेक पावसात बरे. तेलाचे डिस्क ब्रेक सर्वांत चांगले, पण वस्तीजवळ ते भरून देणारा कारागीर आहे का हे आधी पाहा. शिमानो त्यात खनिज तेल वापरते. स्रॅमच्या रोड सायकलच्या ब्रेकमध्ये मोटारीच्या ब्रेकसारखं डॉट द्रव असतं, ते कातडीला आणि डोळ्याला जाचतं, रंगही खातं. लहान मुलं खेळतात तिथं त्याची बाटली उघडी ठेवू नका. एकाचं तेल दुसऱ्यात तर अजिबात घालू नका, आतली रबरं फुगून ब्रेक निकामी होतात.

दुरुस्तीचा विचार आम्ही किमतीइतकाच महत्त्वाचा धरतो. ६, ७ आणि ८ चकत्यांच्या सायकलींना एकाच जाडीची चेन चालते. ती नाक्यावरच्या दुकानातही मिळते आणि ११-१२ वाल्या बारीक चेनपेक्षा बरीच स्वस्त पडते. शिमानोच्या ८, ९ आणि १० चकत्यांच्या कॅसेट एकाच प्रकारच्या हबवर बसतात. म्हणजे आज ८ ची घेतली आणि मुलगी पुढे गेली, तर चाक न बदलता वरचा संच घालता येतो. ११ चकत्यांची रोड कॅसेट मात्र त्या हबवर साधारणपणे बसत नाही. एका कंपनीची मूठ आणि दुसऱ्या कंपनीचा डिरेलर असा संसार सहसा जमत नाही, कारण एका टिचकीला प्रत्येकाची तार वेगळ्या मापाने ओढली जाते. शिमानोतही सगळं आपसात जुळतं असं नाही. ४७०० नंबरची टियाग्रा १० चकत्यांची असली, तरी त्याआधीच्या १० चकत्यांच्या संचाशी तिचं जमत नाही. म्हणून "एवढा पार्ट नंतर बदलू" असं कुणी म्हणालं तर नंबर लिहून घ्या.

अगदी स्वस्त सायकलीत ७ चकत्यांची उतरंड हबवर आट्यांनी फिरवून बसवलेली असते, कॅसेटसारखी सरकवून नव्हे. तिथं आसाचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर आणि जड अंगाच्या मुलाखाली तो आस वाकतो. रोजच्या सरावासाठी ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कॉलेजला जाण्यापुरती चालेल.

जुनी सायकल पाहायला जाताना गवंडीकाम करणाऱ्याकडून स्टीलची टेप मागून न्या. शिंप्याची टेप नको, ती ताणते. चेनच्या एका पिनेच्या मध्यावर टेपची १ इंचाची खूण धरा. चेन नवी असेल तर १३ इंचाच्या खुणेवर बरोबर पिनेचा मध्य येतो. पिन इंचाचा सोळावा भाग पुढे सरकली असेल तर चेन बदलायला आली. आठवा भाग सरकली असेल तर बहुतेक कॅसेटही गेली. चकत्यांचे दात एका बाजूला झुकून टोकदार झालेत का, तेही पाहा. मग मागचं चाक उचलून धरा आणि एकेक गियर वर न्या, एकेक खाली आणा. टिचकी वाजते पण चेन हलत नाही, असं झालं तर मुठीत जुनं ग्रीस गोठलेलं असेल किंवा तार आत तुटत आली असेल. तार स्वस्त आहे, मूठ नाही. वर सांगितलेल्या काळ्या सायकलीत चेन आठव्या भागापलीकडे गेली होती. आईने टेपवर स्वतः पाहिलं आणि पुढचं काही समजावायची गरज पडली नाही.

वरच्या इयत्तेची जुनी सायकल स्वस्तात मिळत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. २०२३ साली शिमानोने ११ चकत्यांच्या अल्टेग्रा आणि ड्युरा-एस संचांचे २०१२ ते २०१९ या काळात बनलेले काही क्रँक तपासणीसाठी मागवले. दोन तुकडे चिकटवून बनवलेला हा क्रँक उकलून तुटू शकतो आणि चालवणारा पडू शकतो. विकणाऱ्याला विचारा, तपासणी झाली आहे का. पटेल असं उत्तर मिळालं नाही तर स्वस्ताईचा मोह सोडा.

पावती मात्र सोडू नका. सायकलीच्या खाली, क्रँकच्या जागेजवळ सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो. तो नंबर, विकणाऱ्याचं नाव, तारीख आणि रक्कम कागदावर लिहून सही घ्या, फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. चोरीची सायकल गळ्यात पडू नये हे एक कारण. दुसरं आपल्याला ठाऊक आहे. सोसायटीतल्या मुलाच्या हातातली महाग सायकल ही हौस ठरते, आपल्या मुलाच्या हातातली तीच सायकल ही चौकशीची बाब ठरते. त्या वेळी मुलाच्या खिशात पावतीचा फोटो असला पाहिजे.

बॅटरीवर गियर बदलणारे संचही आता आहेत. १०५ मध्येसुद्धा २०२२ पासून ते आले. बोटाला जोर लागत नाही, सांधे दुखणाऱ्यांना ते खरोखर सोयीचे. पण किंमत, चार्जिंग आणि चोरीची धास्ती पाहता सध्या त्यावर आपण शाई खर्च करू नये.

आणि सायकल घेण्याआधी मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. बारा ग्रॅमच्या खाली रक्त असलेल्या मुलीला चढावर दम लागतो तो गियरमुळे नव्हे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी खिडकीतून टाकायची नाही, खायची. काही शे ग्रॅम हलका संच मिळावा म्हणून हजारो रुपये घालण्यापेक्षा ती गोळी, गूळ-शेंगदाणे, पालेभाजी आणि जेवणात लिंबू यांचा चढावर जास्त उपयोग होतो. भरलेली लिटरची बाटलीच किलोभर असते, मग संचाच्या वजनाचं किती कौतुक करायचं?

ज्यांच्याकडे आधीच जड गियरची सायकल आहे, त्यांनी ती विकायला काढू नये. आधी सीटची उंची बघा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवून ते पार खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. गुडघा वाकलेलाच राहिला तर सीट वर घ्या. बसकी सीट गुडघ्याला जड गियरइतकीच वाईट. त्यानंतर डिरेलरला झेपेल तेवढी मोठी कॅसेट आणि तिच्याबरोबर नवी चेन लावून घ्या, पूर्ण संचाच्या मानाने हा खर्च थोडा आहे. पंधरा दिवस घाट बंद. तरीही वाटीमागे दुखत राहिलं, गुडघा सुजला, अडकला किंवा रात्री ठणकला, तर बाम चोळत बसू नका, सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात दाखवा.

क्लॅरिसवाली घेतली तर पहिल्या महिन्यात नवीन तारा थोड्या सैल पडतात आणि गियर कुरकुरतो. ते बिघाड नसतं. मागच्या डिरेलरपाशी तार जिथं शिरते, तिथला छोटा गोल स्क्रू अर्धा फेरा डावीकडे फिरवला की कुरकुर थांबते. पावसाळ्यात सायकल चालवून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसा आणि तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर सोडून वरचं तेल पुन्हा पुसून टाका. खोबरेल लावू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो.